क्रॅकर आणि मारीमध्ये नेमका फरक काय? खारी चालेल का?

इंदिरानगरची सून
सासऱ्यांना शुगर निघालीये. सकाळच्या चहासोबत मारी लागतेच त्यांना, डॉक्टर म्हणाले गोड बिस्किटं बंद, म्हणून कॉलेज रोडवरनं क्रीम क्रॅकर आणले तर बाबा म्हणतात ही खारीच आहे, दाबून चपटी केलेली. मला तर ती भोकं बघून मारीच वाटते. फरक काय असतो कोणी सांगेल का, आणि मग खारीच दिली तर?

पंचवटीकर
ताई, बाबा अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत, पदर दोन्हीत असतात. पण खारीत घड्यांमध्ये थापून मार्जरीन किंवा डालडा भरलेला असतो, भट्टीत पाण्याची वाफ होते आणि पदर सुटे होऊन ती फुगते. क्रॅकरमध्ये फॅट बरंच कमी. त्याचं पीठ यीस्टने आंबवतात, सोडा क्रॅकरचं तर 20 तासांच्या आसपास, मग आलेला आंबटपणा खायच्या सोड्याने मारतात आणि लाटून घड्या घालून परत लाटतात. ती खमंग चव आंबवण्याचीच आहे! भोकांतून वाफ निघून जाते नाहीतर अख्खं बिस्किट पुरीसारखं टम्म फुगेल. मारीलाही भोकं त्यासाठीच, पण तिचं पीठ असं आंबवत नाहीत आणि साखर घालतात. मारी 1874 ची, लंडनच्या पीक फ्रीन कंपनीने रशियाच्या राजकन्येच्या लग्नानिमित्त काढलेली.

गंगापूर रोड
वरचं सगळं बरोबर पण एक कळकळीने सांगते, गोड नाही म्हणजे शुगर वाढणार नाही असं नसतं हो. क्रॅकरही मैद्याचाच, 100 ग्रॅममागे साधारण 65 ते 70 ग्रॅम कार्बोहायड्रेट. आणि क्रॅकजॅकसारख्या गोड-खारट बिस्किटांत साखर असतेच, पाकिटामागची यादी वाचूनच घ्या. बाबांना बीपी आहे का? मीठ पण बघा मग.

इंदिरानगरची सून
हो ना, बीपीची गोळी चालू आहे. मग खारी नकोच, क्रॅकर किती द्यायचे ते डॉक्टरांनाच विचारते. पण पाकीट फोडलं की दुसऱ्या दिवशी मऊ पडतात, या पावसात तर विचारूच नका.

पंचवटीकर
घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, मऊ पडलेच तर कोरड्या तव्यावर मंद आचेवर थोडा वेळ ठेवून पूर्ण गार होऊ द्या, गार झाल्यावरच कुरकुरीत होतात.