निळी गोळी आणि डॉक्टरांची चिठ्ठी: स्कॉटलंडने काय करावे?

क्लाइडकाठ, ग्लासगो

स्कॉटलंडची लोकसंख्या जेमतेम 55 लाख आहे. इथे 2020 या एका वर्षात अमली पदार्थांमुळे 1,339 माणसे दगावली, आणि त्यांपैकी 806 मृत्यूंमध्ये एटिझोलमचा वाटा होता. भारतात हेच एटिझोलम डॉक्टरांच्या चिठ्ठीवर झोपेसाठी किंवा अस्वस्थतेसाठी मिळते. ब्रिटनमध्ये औषध म्हणून त्याला परवानाच नाही. त्याची पूड चोरून आणली जाते, तिच्या निळ्या गोळ्या पाडल्या जातात आणि त्या 'स्ट्रीट व्हॅलियम' म्हणून कवडीमोलाने विकल्या जातात.

मी इथल्या एका औषध दुकानात काम करते. मेथाडोनचा, म्हणजे हेरॉइनच्या व्यसनावर देतात त्या औषधाचा, रोजचा डोस घ्यायला येणाऱ्या एका गृहस्थांनी एकदा माझ्यासमोर मूठ उघडली. प्लास्टिकच्या पातळ कागदात पाच गोळ्या होत्या. त्यांतल्या दोघींचा निळा रंग थोडा फिका होता, एकीची कड भुगा झाली होती आणि घामामुळे तळहाताला निळसर डाग पडला होता. "यातली सौम्य कुठली?" असे त्यांनी विचारले. मला उत्तर देता आले नाही, आणि पाहून कोणालाच देता आले नसते. पूड नीट मिसळलेली नसते, त्यामुळे एका गोळीत नावापुरते औषध असते, तर दुसरीत त्याच्या कितीतरी पट. शिवाय या औषधाने त्या तासांपुरती स्मृती पुसली जाते, त्यामुळे आपण दोन घेतल्या की दहा, हे त्या माणसाच्या ध्यानातही राहत नाही.

माझे मत स्पष्ट आहे. ज्यांचे शरीर या गोळ्यांवर अवलंबून झाले आहे, त्यांना डॉक्टरांनी ठरावीक मात्रेचे डायझेपाम, म्हणजे खरे व्हॅलियम, लिहून द्यावे आणि ते मेथाडोनसारखेच रोजच्या रोज, दुकानात डोळ्यांदेखत द्यावे. अचानक बंद केले तर आकडी येऊन जीव जाऊ शकतो, म्हणून 'आजपासून सोडा' हा सल्ला त्यांच्या बाबतीत धोक्याचा आहे.

औषधवाला, नाशिक

ताई, तुमची तळमळ समजते, पण तुमच्याच शहराचा इतिहास तुम्ही बाजूला ठेवलात. 1980 आणि 90 च्या दशकांत ग्लासगोत टेमाझेपाम या झोपेच्या औषधाच्या जेल भरलेल्या कॅप्सूल रस्त्यावर 'जेलीज' म्हणून विकल्या जात होत्या. त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या होत्या, कोणा चोरट्या कारखान्यातल्या नव्हेत. लोकांनी ती जेल शिरेत टोचली, ती आत थिजली आणि अनेकांचे हातपाय कापावे लागले.

आमच्याकडे मालेगावात अल्प्राझोलम या अस्वस्थतेवरच्या गोळीला 'कुत्ता गोळी' म्हणतात, आणि तीसुद्धा कायदेशीर कंपनीचीच गोळी असते. एच-वन या, विक्रीची नोंद सक्तीची असलेल्या, सरकारी यादीतल्या औषधासाठी मी रुग्णाचे नाव, डॉक्टरांचे नाव आणि किती गोळ्या दिल्या, हे वेगळ्या वहीत लिहितो आणि ती वही तीन वर्षे जपून ठेवतो. तरीही पंधरा-सोळा वर्षांची मुले मळकी, चार वेळा घडी घातलेली चिठ्ठी घेऊन येतात. मी नाही म्हणतो, म्हणून ती पुढच्या दुकानात जातात. जे औषध एवढी नोंद ठेवूनही गळते, ते नशेच्या उपचारासाठी खुले करणे मला पटत नाही.

रात्रपाळी, लीड्स

मी आपत्कालीन विभागात काम करते आणि माझे मत नाशिकच्या दादांच्या बाजूला झुकते, मात्र कारण वेगळे आहे. 2020 मधल्या मृतांपैकी 93 टक्क्यांच्या शरीरात एकाहून अधिक पदार्थ होते. हेरॉइन किंवा मेथाडोन, त्यावर या गोळ्या आणि बहुधा दारू अशी सरमिसळ झाली की श्वास मंदावत थांबतो. नालोक्सोन हेरॉइन-मेथाडोनसारख्या औषधांचा परिणाम उतरवते, पण गोळीचा अंमल तसाच राहतो, त्यामुळे आणलेला माणूस श्वास घेऊ लागला तरी तासन्‌तास शुद्धीवर येत नाही. गोळीवर फ्लुमाझेनिल हा उतारा आहे, पण ज्याला या गोळ्यांची सवय आहे त्याला त्याने आकडी येऊ शकते, म्हणून आमचा हात आखडतो. ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या नोंदींवर 2019 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मेथाडोनसारख्या उपचारासोबत ज्यांना डॉक्टरांनीच बेन्झोडायझेपिन, म्हणजे डायझेपामच्या गटातले औषध, लिहून दिले, त्यांच्यात विषबाधेने मरण्याची जोखीम वाढलेली दिसली. ताई, याला तुमचे उत्तर काय?

क्लाइडकाठ, ग्लासगो

त्याच अभ्यासात असेही दिसले की अशी माणसे उपचारात जास्त काळ टिकली, आणि माझ्या लेखी ही गोष्ट लहान नाही, कारण उपचार सोडून गेलेला माणूस पुन्हा भेटेलच असे नसते. दुसरे असे की त्या नोंदींमध्ये तुलना चिठ्ठी मिळालेल्या आणि न मिळालेल्या रुग्णांची आहे. चिठ्ठीतली गोळी आणि रस्त्यावरची गोळी यांची ती तुलना नव्हे.

दादा, जेलीजबद्दल तुमचे म्हणणे मी मान्य करते. तो गुन्हा आठवडाभराच्या कॅप्सूल एकदम हातात देण्याचा होता, म्हणूनच मी रोजच्या डोसाचा आग्रह धरते आहे. पण पुढचेही पाहा. 1988 मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने ही औषधे दोन ते चार आठवड्यांपुरतीच द्यावीत असे सांगितले, ते योग्यच होते. मात्र ज्यांना आधीच सवय जडली होती त्यांच्या चिठ्ठ्या आटत गेल्या, आणि ती रिकामी जागा निळ्या गोळीने भरली. 2017 मध्ये एटिझोलमवर कायद्याने बंदी आली, तरी 806 चा आकडा त्यानंतरचा आहे. आता एटिझोलम मागे पडून त्याच जातीचे ब्रोमाझोलम आले आहे, रंग मात्र बहुधा तोच.

औषधवाला, नाशिक

रोज डोळ्यांदेखत आणि मात्रा हळूहळू उतरवत, एवढ्यापुरते मी ऐकून घेतो. पण रविवारी दुकान बंद असते, तेव्हा शनिवारी तुम्ही दोन दिवसांच्या गोळ्या हातात देणारच ना? त्यातली दुसरी कोणाच्या खिशात जाते, ते तुमच्या वहीत येणार नाही.

क्लाइडकाठ, ग्लासगो

होय, शनिवारी मला दोन दिवसांच्या द्याव्या लागतील. पण माझ्यासमोर मूठ उघडणाऱ्या त्या गृहस्थांना मी तसे काही देऊ शकले नाही. दोन शनिवार त्यांच्या मेथाडोनची बाटली फळीवर तशीच राहिली, आणि तिसऱ्या सोमवारी दवाखान्यातून त्यांचे नाव यादीतून काढण्याचा निरोप आला.