शब्द हवाय: टेप ड्राइव्हमधल्या 'मागेपुढे'साठी

मंडळी, एक शब्द सुचवा. बॅकअपसाठी सेकंडहँड एलटीओ-५ (डेटा साठवायच्या चुंबकी टेपचा एक प्रकार) टेप ड्राइव्ह घेतलाय आणि त्यावर फायली टाकायला लागलं की आत टेप जराशी पुढे जाते, थांबते, मागे येते, पुन्हा पुढे, हे दर काही सेकंदांनी चालूच, आवाज असा की आता तुटते की मग तुटते. इंग्रजीवाले याला शू-शायनिंग म्हणतात, बुटावर पॉलिशचं फडकं फिरवतात तशी टेप हेडवर (लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या भागावर) घासत इकडून तिकडे जाते म्हणून. मराठीत काय म्हणायचं? मी एका जाणकार मित्राला फोनवर 'टेप मागेपुढे होतेय' असं सांगितलं तर तो म्हणाला, अरे ती तशीच चालते. माझं काही समाधान झालं नाही, मग आठवडाभर केबल बदल, क्लीनिंग कार्ट्रिज (हेड पुसायची टेप) तीनदा घाल, विकणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घाल, सगळं झालं. फरक शून्य.

*

येरझाऱ्या. सोपं आहे की.

*

नाही हो, येरझाऱ्या दुसऱ्या कामाला लागणार आहेत, आणि तुमच्या मित्राचंही चुकलं नाही. एलटीओ-५ च्या टेपवर लांबीभर समांतर रेघांसारखे १२८० ट्रॅक असतात, हेड एका वेळी १६ लिहितं, म्हणजे टेप पूर्ण भरायला या टोकापासून त्या टोकापर्यंत ८० फेऱ्या. टेप ८४६ मीटर लांब. पूर्ण वेगाने, म्हणजे सेकंदाला १४० एमबीने, दीड टीबी भरायला तीन तास लागतात, तेव्हा एक फेरी साधारण सव्वादोन मिनिटांची. त्यामुळे दर सव्वादोन मिनिटांनी दिशा बदलली तर ती तब्येतीत असल्याची खूण. या झाल्या येरझाऱ्या. तुमच्याकडे होतंय ते काही सेकंदांनी, आणि त्याचं कारण बहुतेक ड्राइव्हमध्ये नाहीच. ड्राइव्ह वेग थोडा कमी करू शकतो पण एका मर्यादेपर्यंत, डेटा त्याहून हळू आला की त्याची मेमरी रिकामी होते, टेप थांबवावी लागते, पण धावती टेप जागच्या जागी थोडीच थांबते, ती पुढे निघून जाते, मग मागे घेऊन आधीचं लिखाण संपलं ती जागा शोधायची आणि पुन्हा वेग पकडायचा. टेप आणि हेड दोन्ही झिजतात ते यात. हजारो बारक्या फायली थेट हार्ड डिस्कवरून टाकताय का?

*

वरचं वाचून माझ्या डोक्यात लगेच 'हेलपाटे' आलं. येरझाऱ्या माणूस घालतो त्या वाट बघताना, त्यात काम व्हायचं नसतंच. हेलपाटा म्हणजे कामाला गेलो, काम झालं नाही, परत आलो, पुन्हा जायचंय. अगदी हेच. खेटेसुद्धा चाललं असतं पण खेटे म्हटलं की समोरचा मुद्दाम फिरवतोय असा वास येतो, बिचाऱ्या हार्ड डिस्कच्या मनात तसं काही नसावं :) आणि 'मागेपुढे' तर नकोच, 'मागेपुढे न बघता' वगैरेमुळे ते कचरण्याकडे जातं.

*

हेलपाटे आवडला. पण घासण्याची छटा गेली ना त्यातून? 'घासाघीस' म्हणणार होतो, पण टेप भाव करतेय असं वाटेल.

*

घासणं गेलेलंच बरं. शू-शायनिंग ऐकलं की माणूस हेडच पुसत बसतो (धागाकर्त्याने तेच केलं!). हेलपाटा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, काम अडवलं कुणी? आणि क्लीनिंग कार्ट्रिज उगाच घालू नका, ती साधारण ५० वेळाच चालते, ड्राइव्ह स्वतः मागतो तेव्हाच द्यायची.

*

धागाकर्ता परत आलोय. बारक्या फायलीच होत्या, लाखभर तरी, आणि जुन्या डिस्कवरून. काल सगळ्यांची आधी एसएसडीवर एकच टार फाइल (सगळ्या फायलींचं एक गाठोडं) केली आणि ती टेपवर टाकली. एकसारखा घुंsss असा आवाज, आणि घड्याळ लावून बघितलं तर दोन मिनिटांच्या थोडं पुढे एकदा दिशा बदलते. म्हणजे येरझाऱ्या चालू, हेलपाटे बंद. मित्राला हेच वाक्य पाठवलं, त्याला एका फटक्यात कळलं. विकणाऱ्याला घातलेल्या शिव्या परत घेतो.

आता लगे हाथ, टेपच्या टोकाला ती बारीक धातूची पिन असते, ड्राइव्ह तिला धरून टेप आत ओढतो, ती लीडर पिन. तिला 'वेसण' म्हटलं तर?

*

वेसण सैल झाली तर टेप उधळेल का? पिनच राहू द्या हो, पिन केव्हाच मराठी झालीये.