सुटका झाली होती, तरी १८७ जण परत आले

अनवट:
(ज्यांनी 'स्क्विड गेम' पाहिली नाही त्यांनी पुढे वाचू नये, गोष्ट फुटेल.)

जीवघेण्या खेळांच्या कथांना 'विकृती' म्हणून मोकळं होणाऱ्यांनी या कोरियन मालिकेच्या पहिल्या सीझनचा दुसरा भाग नीट बघावा. त्यात कर्जात बुडालेली माणसं मोठ्या बक्षिसासाठी लहान पोरांचे खेळ खेळतात आणि हरेल त्याला ठार मारतात. पहिल्या खेळानंतर ४५६ पैकी २०१ जण उरतात. बहुमत झालं तर खेळ थांबवायचा, असं करारातच लिहिलेलं असतं. मतदान होतं, १०१ विरुद्ध १०० ने सगळे सुटतात. घरी काय वाढून ठेवलेलं असतं? सावकार, मधुमेहाने पाय सडत चाललेली आई, थकलेला पगार. त्या २०१ पैकी १८७ जण आपल्या पायांनी परत येतात. कुणी बंदूक रोखलेली नसते.

नायक गी-हून हा मोटारींच्या कारखान्यातून काढलेला कामगार. २००९ साली सांगयाँग मोटर्समधून मोठी कामगारकपात झाली, कामगारांनी ७७ दिवस कारखाना ताब्यात ठेवला, शेवटी पोलिसांनी संप चिरडला. दिग्दर्शक ह्वांग डोंग-ह्योक यांनी हे पात्र त्यावरूनच सुचल्याचं सांगितलंय. म्हणजे माणसं त्या खेळात उतरण्याआधीच बाद झालेली होती. मला ही कथा त्यासाठी मोलाची वाटते.

पाणवठा:
अजिबात सहमत नाही. हेतू चांगला असेल, पण पडद्यावर उरतं काय? रंगीत जिने, पहिल्या खेळात हललेल्याला टिपणारी मोठी बाहुली आणि धडाधड पडणारी माणसं. माझा नऊ वर्षांचा भाचा सोसायटीच्या आवारात हाच खेळ खेळतो. पूर्वी 'स्टॅच्यू'मध्ये हललेला पोरगा नुसता बाद व्हायचा. आता बाकीचे त्याच्यावर बोट रोखून 'ठो' म्हणतात आणि तो फरशीवर मरून पडतो. मी गॅलरीतून बघत होते, पोटात कालवलं.

आणि २०२३ मध्ये नेटफ्लिक्सने याच मालिकेवर खरा रिॲलिटी शो काढला. ४५६ स्पर्धक, ४५ लाख ६० हजार डॉलर बक्षीस. गरजवंतांना झुंजवून मजा बघणाऱ्यांवरची टीका, तिचाच तमाशा केला. याला काय म्हणाल?

अनवट:
त्या शोचं समर्थन मी करणार नाही, मलाही चीड आली होती. पण तो दोष विकणाऱ्यांचा आहे, कथेचा नाही.

कोयरी:
पाणवठा, गोट्यांचा भाग आठवा, जोडीदाराकडे सगळ्या गोट्या हरणारा मरतो तो. अली हा पाकिस्तानातून आलेला मजूर, मालकाने महिनोन्‌महिने पगार बुडवलेला. (ही भूमिका आपल्या दिल्लीच्या अनुपम त्रिपाठीची.) तो सांग-वू या दुसऱ्या खेळाडूला आधी 'साहेब' म्हणतो, मग सांग-वूच्याच सांगण्यावरून 'दादा' म्हणायला लागतो. तो दादा त्याच्या गोट्यांची पिशवी 'हरवू नये म्हणून' गळ्यात बांधून देतो. अली नंतर पिशवी उघडतो, तर आत खडे. गोळीपेक्षा ते खडे जास्त लागतात. यात मजा कुणाला येईल?

'हंगर गेम्स' या इंग्रजी कादंबऱ्या-सिनेमांतही तेच, तिथे चिठ्ठ्या टाकून पोरांना जीवघेण्या खेळात पाठवतात. वर्षभराच्या थोड्याशा धान्या-तेलाच्या बदल्यात पोरं चिठ्ठीत आपलं नाव जास्त वेळा टाकतात, म्हणून गरिबाच्या पोराची चिठ्ठी निघण्याची शक्यता जास्त. मला हा तपशील त्या सगळ्या मारामारीपेक्षा भयंकर वाटतो. आणि त्यातली तीन बोटांची सलामी २०१४ च्या लष्करी उठावानंतर थायलंडमधल्या लोकांनी रस्त्यावर केली, त्यासाठी त्यांना पकडून नेलं. लोक नुसते बघत बसत नाहीत हो.

पाणवठा:
थायलंडचं माहीत नव्हतं, तेवढा मुद्दा मान्य. अलीचा प्रसंग तर मला बघवला नव्हता, मध्येच उठून गेले.

पण तो मला कळला, कारण मी चाळिशीची आहे. काल भाच्याला मुद्दाम विचारलं. त्याला बाहुलीचं गाणं चालीसकट पाठ आहे, मोबाइलवरच्या तुकड्यांतून. अली कोण, ते त्याला माहीत नाही. तुमच्या घरातली पोरं काय बघतात, ते एकदा विचारून इथे लिहा, मग पुढे बोलू.