सातपुड्यातली आठवड्याची मिशन शिबिरं: उपयोग किती, उपद्रव किती?

पायवाट
चर्चच्या वैद्यकीय टीमा धडगाव-मोलगीकडच्या पाड्यांवर सात दिवसांसाठी येतात. हेतूबद्दल तक्रार नाही, पद्धतीबद्दल आहे. दोन तास डोंगर चढून आलेल्या म्हाताऱ्याचं बीपी आल्या आल्या मोजायचं, १६०/१०० दिसलं की अ‍ॅम्लोडिपिन ५ मिग्रॅच्या तीस गोळ्या हातावर ठेवायच्या. एकतिसाव्या दिवशी काय? गोळ्या संपल्या म्हणजे आजार संपला, असंच माणूस धरून चालतो. शिबिराने त्याच दिवशी निकालात निघणारी कामं घ्यावीत: दात काढणं, जवळचे चष्मे, खरूज. बाकी सगळं चिठ्ठी देऊन आरोग्य केंद्राकडे.

कोरडी_हळद
खरूज त्याच दिवशी निकालात निघते? कमाल आहे. परमेथ्रिन ५ टक्के मलम मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांसकट, रात्री लावून सकाळी धुवायचं. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, न खाजणाऱ्यानेही. आठवड्याने पुन्हा. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ३० ग्रॅमची एक ट्यूब लागते. शिबिरात सहा जणांच्या घराला एक ट्यूब मिळते, ती खाजेल तिथे चोपडली जाते आणि महिन्याभरात खरूज परत. दुसऱ्या रात्रीचं मलम द्यायला तुमची टीम असते का? उलट बीपीची गोळी आरोग्य केंद्रात फुकट मिळते. केंद्रात जी गोळी असते तीच लिहा, आशाताईला यादी द्या, काम पुढे चालतं. आजार कोणता हा प्रश्नच नाही, मागे कोण राहतं हा आहे.

लाल_पेशी
दोघंही सिकलसेल विसरलात, तो आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. भिल्ल-पावरा वस्तीत शिबिर घ्यायचं आणि फिकट दिसला की लोहाच्या गोळ्या द्यायच्या, हे चालत नाही. सिकलच्या रुग्णाचं रक्त लोह कमी पडून उतरलेलं असेलच असं नाही. पेशी लवकर फुटतात म्हणून ते उतरतं. त्याला फॉलिक अ‍ॅसिड लागतं, लोह तपासूनच. दुसरी चूक सोल्युबिलिटी चाचणीची, म्हणजे शिबिरात सिकलसाठी करतात त्या झटपट रक्तचाचणीची. ती फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ सांगते, वाहक की रुग्ण हे नाही. त्याला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, या प्रयोगशाळेतल्या तपासण्या हव्यात. सहा महिन्यांखालच्या बाळात तर ती फसतेच. ‘सिकल पॉझिटिव्ह’ एवढाच कागद घेऊन पोरगी घरी गेली की तिची सोयरीक मोडते. तो कागद न दिलेला बरा.

मिरजमार्गे
सात दिवसांची सहल म्हणजे मिशन, हे समीकरणच चुकीचं. मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत हॉस्पिटल उभं केलं, ते तिथे ठाण मांडूनच. नवापूर तालुक्यात चिंचपाड्याचं ख्रिश्चन हॉस्पिटल आजही तसंच आहे. धडगावहून लांब पडतं, कबूल. शिबिराने अशा ठिकाणी पाठवायची माणसं हेरावीत आणि येण्याजाण्याचं भाडं द्यावं. मोतीबिंदू तंबूत काढत नाहीत, तोच न्याय इथे. आणि जानेवारीत येऊ नका हो! तेव्हा निम्मा पाडा ऊसतोडीला गुजरातेत असतो, रांगेत म्हातारी आणि पोरंच.

नुसता_वाचक
प्रार्थनेचं कुणीच बोलत नाही. नंबराचा कागद प्रार्थनेनंतर वाटला की ती औषधाची किंमत वाटते, तुम्ही कितीही ‘ऐच्छिक’ म्हणा.

मिरजमार्गे
मान्य, म्हणून ती औषधं घेऊन झाल्यावर, वेगळ्या झाडाखाली, विचारून. बंदच करा म्हणाल तर नाही. मागणारेही असतात.

नुसता_वाचक
झाडाने सुटत नाही. पावरी बोलीचा दुभाषा बहुधा तिथला पास्टरच असतो. बडव्याकडून, म्हणजे पाड्यावरच्या भगताकडून, कुठली मुळी घेतली, हे माणूस त्याच्यासमोर सांगेल? नाही सांगणार. मग मुळीवर तुमची गोळी. दुभाष्या म्हणून आशाताईला बसवा, मानधन देऊन.

पायवाट
कोरडी_हळद, खरजेचं मागे घेतो. दातांचं नाही, फक्त एक अट: दुपारी दोननंतर वरची दाढ काढू नये. तिला तीन मुळं, एखादं तुटलं की एक्स-रे नाही आणि उजेडही चाललेला. शिवाय भुलीच्या इंजेक्शनातल्या अ‍ॅड्रेनलिनने रक्त दबून राहतं. त्याचा अंमल उतरतो तेव्हा माणूस अर्ध्या चढावर असतो. कापसाचा बोळा चावून पाऊण तास समोर बसवा, बोळा काढून बघा, मगच सोडा. जादा दोन बोळे खिशात.