समोरचा बघून टीम लावणं म्हणजे टाइमपास? अजिबात नाही

एडिसनचा_कोल्हापुरी
नवीन असाल तर आधी एवढं, ही आपली फँटसी फुटबॉलची लीग, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचे (एनएफएल) खरे खेळाडू ड्राफ्टमध्ये आळीपाळीने वाटून घ्यायचे, दर आठवड्याला त्यातले काही लावायचे (लाइनअप), बाकीचे बेंचवर, आणि खऱ्या मॅचमध्ये ते जे करतील त्याचे आपल्याला पॉइंट. काल रात्री लीगच्या ग्रुपवर प्लॅनोकरने टाकलं की मॅचअप (या आठवड्याला समोर कोण) बघून लाइनअप लावणारे लोक उगाच डोकं शिणवतात, ड्राफ्टमध्ये वर घेतलेले मोठे खेळाडू लावा, ॲपचं प्रोजेक्शन (किती पॉइंट येतील त्याचा अंदाज) बघा आणि झोपा, समोरच्याकडे कोण आहे याच्याशी तुमचा काय संबंध, तुम्ही काय त्याला टॅकल करणार आहात का. हे डोक्यात गेलं माझ्या. त्यात या आठवड्याला माझी मॅच त्याच्याशीच आहे, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

टॅकल करत नाही हे मलाही कळतं. पण बारा जणांत सगळ्यात जास्त पॉइंट कोणाचे असा हा खेळ नाहीये, दर आठवड्याला एकाच माणसाला हरवायचं असतं. ॲप म्हणतंय प्लॅनोकर १२८, मी ११२. म्हणजे सगळं नेहमीसारखं झालं तर मी १६ ने हरतोय, मग सगळं नेहमीसारखं होईल अशी टीम मी का लावू? फ्लेक्सला, म्हणजे पास झेलणारा रिसीव्हर किंवा टाइट एंड, नाहीतर बॉल घेऊन पळणारा रनिंग बॅक, कोणीही चालतो त्या जागेला, माझ्याकडे दोन जण आहेत, दोघांचं प्रोजेक्शन १२ च्या आसपास. एक स्लॉटमधला, म्हणजे जवळचे छोटे पास झेलणारा रिसीव्हर, सहा-सात कॅच, पन्नास-साठ यार्ड, आपलं पीपीआर आहे (दर कॅचला १ पॉइंट, शिवाय १० यार्डांना १, टचडाउनला ६) त्यामुळे वाईट दिवशीही ९ देतो आणि चांगल्या दिवशी १५. दुसरा लांब पळणारा, त्याच्याकडे चार बॉल येतात त्यातले तीन सुटतात, पण एक पन्नास यार्डाचा टचडाउन झाला की त्या एका कॅचचेच १२. याचे १२ म्हणजे एका रविवारी ३ आणि पुढच्या रविवारी २२. मी पुढे असतो तर डोळे झाकून पहिला लावला असता, मागे आहे म्हणून दुसरा.

अजून एक. प्लॅनोकरकडे बफेलो बिल्सचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा) जॉश ॲलन आहे आणि माझ्या बेंचवर बफेलोचाच एक रिसीव्हर. ॲलनने त्याला २० यार्डाचा टचडाउन टाकला तर मला कॅचचा १, यार्डांचे २, टचडाउनचे ६, झाले ९. पण प्लॅनोकरला त्याच बॉलवर टचडाउन पासचे ४ अधिक यार्डांचे ०.८. म्हणजे ९ कमावून मी जवळ आलो फक्त ४.२ ने. पुढे असताना असा माणूस म्हणजे विमा. मागे असताना विमा घेऊन काय करू?

आणि हे पुस्तकी नाही, अंगावर काढलेलं आहे. ६ डिसेंबर २०२१, सोमवारची रात्र, बफेलोला पॅट्रियट्स-बिल्स. मला ६ पॉइंट हवे होते, फ्लेक्सला पॅट्रियट्सचा रिसीव्हर होता आणि बेंचवर रविवारच्या ४:२५ च्या मॅचमधला एक साधा रनिंग बॅक. बायको म्हणाली तिकडे वादळ आहे म्हणतायत, मी म्हटलं प्रोजेक्शन ११ आहे. त्या रात्री पॅट्रियट्सच्या क्वार्टरबॅकने, मॅक जोन्सने, आख्ख्या मॅचमध्ये ३ पास फेकले. तीन! ४६ वेळा नुसते पळाले आणि १४-१० ने जिंकलेसुद्धा. माझा माणूस शून्य. टीव्हीवर गोलपोस्ट हलताना दिसत होते आणि मी सोफ्यावर बसून एका कॅचसाठी देव पाण्यात ठेवले होते. तेव्हापासून मी बर्फ बघत नाही, पाऊस बघत नाही, वारा बघतो.

प्लॅनोकर
आधी एक, ग्रुपमधलं वाक्य बाहेर आणायच्या आधी माणसाला विचारावं. असो.

वाऱ्याचं मान्य, पण तो गेम प्लॅन नव्हे, ते हवामान खातं झालं. समोरचा बघून प्लॅन करण्याचं माझं ऐक. २०२० ची फायनल, मी पंधरा दिवस समोरच्याचा एकेक खेळाडू, एकेक डिफेन्स काढून टीम लावली होती. २५ डिसेंबर, शुक्रवार, नाताळची सुट्टी, घरी पाहुणे, आणि समोरच्याकडच्या रनिंग बॅकने, अल्विन कमाराने, व्हायकिंग्जविरुद्ध ६ टचडाउन केले. १९२९ नंतर कोणी एका मॅचमध्ये एवढे रनिंग टचडाउन केले नव्हते. पीपीआरमध्ये ५६.२. माझा एकही खेळाडू मैदानात उतरायच्या आधी मी ५६ ने मागे. सांग, कुठला प्लॅन लावू इथे? त्या दिवसापासून ठरवलं, आपल्या हातात नाही त्यावर डोकं लावायचं नाही.

एडिसनचा_कोल्हापुरी
प्लॅन तिथेच तर लागतो रे! शुक्रवारी ५६ पडले, शनिवार-रविवार तुझ्या हातात होता. त्या दोन दिवसांत लाइनअपमध्ये काय बदललंस ते सांग आधी.

प्लॅनोकर
काही नाही. तेच लावले होते. आता खूश?

सनीवेल_ताई
मी प्लॅनोकरच्या बाजूने, आणि माझ्याकडे त्याच्यापेक्षा मोठी जखम आहे. २ जानेवारी २०२२, फायनलचा आठवडा. मी थोडी पुढे होते म्हणून कोल्हापुरी म्हणतोय तसंच "सेफ" खेळायला गेले आणि माझ्या रिसीव्हरला, जमार चेसला, बेंचवर बसवलं, कारण नवखा मुलगा, समोर चीफ्सची टीम, मधल्या काही आठवड्यांत एकदम गप्प होता. त्याने काय केलं? ११ कॅच, २६६ यार्ड, ३ टचडाउन. माझ्या बेंचवर ५५.६ आणि मी ८ ने हरले. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती, ती अजून विचारते आई तू चेसला का बसवलंस.

तर ज्याला तुम्ही पहिल्या दोन-तीन राउंडला घेतलंय त्याला बसवायचं नाही म्हणजे नाही. प्लॅन करायचा तो फ्लेक्सला, टाइट एंडला आणि डिफेन्सला.

एडिसनचा_कोल्हापुरी
ताई, मी पण फ्लेक्सचंच बोलतोय, वर वाचा ना. मोठ्याला बसवा असं मी कुठे म्हटलंय?

सनीवेल_ताई
म्हटलं नाहीस, पण माणूस एकदा समोरचा बघायला लागला की हात तिथपर्यंत जातोच. माझा गेला.

मिलवॉकीचा_नाना
तुम्ही सगळे खेळाडू तुमच्यासाठी खेळतात असं धरून चाललाय. २८ ऑक्टोबर २०१८. रॅम्स-पॅकर्स मॅच, माझ्या टीममध्ये रॅम्सचा रनिंग बॅक टॉड गर्ली, आणि मी पॅकर्सवाला, म्हणजे आधीच एका डोळ्यात हसू एका डोळ्यात आसू. रॅम्स २९-२७ पुढे, शेवटचं मिनिट, गर्लीसमोर गोललाइनपर्यंत कोणीही नाही, आणि तो आपणहून थांबला. टचडाउन केला असता तर बॉल पॅकर्सना परत मिळाला असता म्हणून. फुटबॉल म्हणून शंभर टक्के बरोबर. माझे ६ पॉइंट गेले आणि मी ४ ने हरलो. एकाच मिनिटात दोन्हीकडून हरलेला माणूस मी एकटाच असेन. आता कोण म्हणतं प्लॅन?

पुण्यातून_पहाटे
नाना, त्याचा आणि इथल्या विषयाचा काय संबंध? मी पिट्सबर्गला शिकायला असताना लागलेलं व्यसन इकडे आल्यावरही सुटलं नाही, त्यामुळे वेळेचं दुखणं मला विचारा. तुमची रविवारची १ ची मॅच माझ्याकडे रात्री साडेदहा, नोव्हेंबरात तुमची घड्याळं मागे गेली की साडेअकरा, आणि मंडे नाइट म्हणजे मंगळवारी पहाटे. ९ सप्टेंबर २०२४ ला मी रनिंग बॅक मॅकॅफ्री लावून झोपलो, पहाटे उठलो तर तो खेळतच नाहीये आणि त्याच्या जागी जॉर्डन मेसन २८ वेळा पळून १४७ यार्ड आणि टचडाउन. मेसन कोणाकडे होता? समोरच्याकडे. बेंचवरचे माझे सगळे रविवारीच खेळून झाले होते, बदलायला माणूसच नाही.

म्हणून दोन गोष्टी सांगतो. ज्याचं नाव दुखापतीच्या यादीत आहे आणि मॅच सोमवारी आहे, त्याच्यासाठी त्याच मॅचमधला एक माणूस बेंचवर पाहिजे. आणि गुरुवारी मॅच असलेल्या खेळाडूला कधीच फ्लेक्समध्ये टाकू नका, रनिंग बॅक असेल तर रनिंग बॅकच्या जागी टाका, फ्लेक्स शेवटपर्यंत उघडा ठेवा, म्हणजे आयत्या वेळी रिसीव्हर, बॅक, टाइट एंड कोणीही लावता येतो. मी तर म्हणेन प्लॅन म्हणजे मुख्यतः एवढाच.

आणि समोरचा बघण्यात फरक आहे हे मला ड्रीम इलेव्हनमुळे कळलं. २०२५ च्या ऑगस्टात कायदा येऊन पैशाचे कॉन्टेस्ट बंद व्हायच्या आधी मी खेळायचो, तिथे लाखो लोकांत पहिलं यायचं म्हणून सगळेच धाडसी टीम लावायचे. एकास एकमध्ये ते नेहमी चालत नाही, पुढे असाल तर मुकाट साधी टीम लावायची.

एडिसनचा_कोल्हापुरी
हेच! हेच म्हणतोय मी पहिल्यापासून.

वुडब्रिजचा_बंड्या
फ्लेक्स उघडा ठेवून तरी काय करणार, जेव्हा तुम्हाला फोनच बघू देत नाहीत? मॅचच्या ९० मिनिटं आधी कोण खेळणार नाही त्याची यादी येते, म्हणजे १ च्या मॅचची साडेअकराला. गेल्या वर्षी आमच्या मंडळाची दिवाळी कधी, तर रविवारी सकाळी ११ वाजता. मी साउंडच्या टेबलावर, मुलांचं नाटक चालू, फोन सायलेंट. माझा पहिल्या राउंडचा बॅक यादीत आला, बसला. शून्य. बेंचवर १४ पॉइंटचा माणूस बसलेला. हरलो ३ ने, आणि त्या ३ मुळे प्लेऑफ गेला. सांगा, सप्टेंबर ते जानेवारी मंडळाला एक शनिवार मिळत नाही? गणपती रविवारी, कोजागिरी रविवारी, दिवाळी रविवारी.

खुर्च्या_मीच_लावतो
बंड्या, मी त्याच कमिटीत आहे आणि हे तू मला तोंडावर सांगितलं असतंस तर बरं झालं असतं. शाळेचा हॉल आम्हाला शनिवारी मिळत नाही, शनिवारी तिथे मुलांच्या बास्केटबॉलच्या मॅच असतात. दुसऱ्या हॉलचं भाडं दुप्पट आहे आणि तिकीट पाच डॉलरने वाढवलं तेव्हा सगळ्यात जास्त ओरडा कोणी केला होता आठवतंय का? साडेतीनशे माणसांचा फराळ, तीनशे खुर्च्या, सकाळी ८ ला आम्ही सहा जण असतो. सहा. आणि अडीच वाजता खुर्च्या उचलायला तीन, कारण बाकीचे पार्किंगमध्ये गाडीत बसून मॅच बघत असतात.

वुडब्रिजचा_बंड्या
दादा मी साउंड करतो! चार वर्षं झाली. गाडीत बसणाऱ्यांचं मला नका सांगू.

खुर्च्या_मीच_लावतो
साउंडवाले धरून सहाच म्हणतोय मी. तुझ्याबद्दल तक्रार नाही. पण सत्तरीच्या आजी इंडियाना जोन्सच्या वेगाने चकल्या वाढत होत्या आणि चाळिशीचे पुरुष खिडकीशी उभे राहून यार्ड मोजत होते हे मी डोळ्यांनी बघितलंय, आणि मला त्याचं वाईट वाटतं. मुलांनी सहा आठवडे तालीम केलेली असते.

सनीवेल_ताई
इथे मी दादांच्या बाजूने. आमच्याकडे कॅलिफोर्नियात पहिली मॅच सकाळी १० ला, यादी साडेआठला, त्यामुळे कार्यक्रमाला निघायच्या आधीच माझी टीम लागलेली असते. पण ते नशीब. मुद्दा वेगळाय, मंडळात पुरुष फोन बघतात तेव्हा "अरे त्याची मॅच आहे" आणि मी बघितला तर "अगं मुलीचा डान्स चाललाय ना". लीगमध्ये बारांत मी एकटी बाई आहे आणि दोनदा जिंकलेय, तरी दर ड्राफ्टला कोणीतरी विचारतो नवरा सांगतो का गं कोणाला घ्यायचं. नवऱ्याला किकर आणि पंटर वेगळे असतात हे माहीत नाही.

मिलवॉकीचा_नाना
ताई हे खरं आहे. मागच्या ड्राफ्टला तो प्रश्न मीच विचारला होता. चुकलं माझं.

प्लॅनोकर
दिवाळी कुठच्या कुठे गेली. बंड्या, तुझ्या गोष्टीतून माझाच मुद्दा सिद्ध होतो. ज्याचा प्लॅन साडेअकराच्या यादीवर अवलंबून आहे त्याचा रविवार गेला. मला दोन मुलं आहेत, एक सॉकरला, एक मराठी शाळेला, आमच्याकडे टेक्सासला यादी साडेदहाला येते तेव्हा मी गाडी चालवत असतो. मी मोठी नावं लावतो कारण मला रविवार हवाय. मला यातलं काही कळत नाही असं समजू नका.

एडिसनचा_कोल्हापुरी
हे काल ग्रुपवर लिहिलं असतंस तर मी एक अक्षर बोललो नसतो. वेळ नाही ही गोष्ट वेगळी आणि फायदा नाही ही वेगळी. तू दुसरी म्हणालास.

प्लॅनोकर
बरं. फायदा होत असेल थोडा. २०२० ला शनिवारी-रविवारी मी फ्लेक्स बदलायला हवा होता, बेंचवर लांब पळणारा एक होता, त्याचे २४ आले. तरी हरलोच असतो.

पुण्यातून_पहाटे
कितीने हरला होतास?

प्लॅनोकर
१९ ने.

पुण्यातून_पहाटे
आणि फ्लेक्सला होता त्याचे?

प्लॅनोकर
७.

एडिसनचा_कोल्हापुरी
२४ वजा ७, सतरा. दोनने हरला असतास. हे घे, तुझं खरं.

खुर्च्या_मीच_लावतो
बंड्या, या रविवारी साडेअकरा ते बारा साउंडला मी उभा राहतो, तू यादी बघून घे. पण ८ ला ये, स्टेजमागचा पडदा एकट्याने लागत नाही.

वुडब्रिजचा_बंड्या
पावणेआठला येतो दादा. आणि शेवटच्या खुर्चीपर्यंत थांबतो.

एडिसनचा_कोल्हापुरी
मी पण येतो ८ ला. फ्लेक्सला लांब पळणारा लावला, बफेलोवाला बेंचवर, तिकडे वारा सध्या ताशी ८ मैल दाखवतायत. शनिवारी रात्री परत बघेन.