न्यायाधीशानं आपलं घर कोर्टाबाहेर ठेवून यावं का?

बांधावरचा, गेवराई: काल इथं एकानं लिहिलं, "न्यायाधीशानं स्वतःचं घर, जात, दुःख कोर्टाबाहेर ठेवून यावं. कळवळा आला की पक्षपात आला." वाचून डोकं फिरलं. 1978 चा मोतीराम खटला बघा. गवंडी माणूस. खालच्या कोर्टानं 10,000 चा जामीन मागितला, वर भावाला जामीनदार म्हणून नाकारलं, का तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात. सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी 1,000 च्या जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्याच हमीवर, सोडलं. अय्यर स्वतः 1948 ला तुरुंगात राहून आलेले होते. आत राहिलेल्याला जामिनाची किंमत कळते.

काळा कोट, लातूर: अय्यरांनी कायदाच लावला. जामीनदार त्याच जिल्ह्यातला हवा, असं कायद्यात नाहीच. आणि कळवळ्याचं म्हणाल तर, गरिबांसाठी जनहित याचिकेचं दार उघडणारे न्यायमूर्ती भगवती 1976 ला एडीएम जबलपूर खटल्यात, म्हणजे आणीबाणीत विनाचौकशी आत टाकलेल्यांना कोर्टात दाद मागता येते का या पाच न्यायाधीशांपुढच्या खटल्यात, सरकारच्या बाजूनं गेले. पाचांत एकटे न्यायमूर्ती खन्ना कायद्याला धरून राहिले, त्यापायी त्यांचं हक्काचं सरन्यायाधीशपद हुकलं.

बांधावरचा: पाचही जणांपुढं कायदा एकच होता ना? मग चौघांना तो वेगळा कसा दिसला?

माझ्या मेहुण्यावर ऊसतोडीच्या मुकादमानं उचलीपायी, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशापायी, फसवणुकीची 420 लावली. पार पश्चिम महाराष्ट्रातल्या कोर्टात. जामीनदार "इथलाच" पाहिजे म्हणाले. ऊसतोड्याला तिथं कोण ओळखतंय? संक्रांत आतच गेली. कायद्यात नाही म्हणता, मग मागितला कसा?

नांदेडची लेक: जामीनदाराकडं मालमत्ता आहे हे दाखवणाऱ्या ऐपतीच्या दाखल्याचं कुणीच बोलत नाही! तलाठ्याकडं, तहसीलला चकरा मारून जीव जातो. आणि सातबारा सासऱ्याच्या नावावर. पोटच्या पोराला आई जामीन राहू शकत नाही.

काळा कोट: विषय न्यायाधीशाचा चाललाय, तहसीलचा नाही.

नांदेडची लेक: तोच विषय आहे, वकीलसाहेब. जिच्या नावावर गुंठाभर नाही, तिला न्यायाधीश कागद मागतो, कारण त्याच्या घरी कागद कायम होता. तुमची फी तेवढी बिनकागदाची चालते.

काळा कोट: फीवर येऊ नका. मी कित्येक ऊसतोड्यांचे जामीन फुकट केलेत.

बांधावरचा: केले असतील. म्हणूनच तर तुम्हाला कळायला पाहिजे.

काळा कोट: बरं, जिल्ह्याच्या अटीपुरतं मान्य, ती चूकच. पण मुकादमाचीही उचल बुडते. उद्या त्याच्या घरचा न्यायाधीश बसला आणि त्याला मुकादमाचाच कळवळा आला तर?

बांधावरचा: बसू द्या. मुकादमाच्या घरच्याला उचलीची वही कशी लिहितात ते पाठ असतं. अंगठा कुणाचा आणि आकडा कुणी टाकला, हे तरी तो विचारील. मेहुण्याच्या वेळी ते कुणीच विचारलं नाही.