विसरभोळेपणाच शोधू नका
कुणीतरी लिहिलंय की स्ट्रोकनंतर पेशंट माणसं ओळखतोय, नीट बोलतोय म्हणजे मेंदू शाबूत आहे. अजिबात पटलं नाही, आम्ही नेमके इथंच फसलो. आमच्या आप्पांचा शाहूपुरीत गुळाचा धंदा, स्ट्रोकनंतर दोन महिन्यात रंकाळ्यावर फिरायला जायला लागले, जुन्या तालमीच्या गोष्टी तारीखवार सांगायचे, मग आम्ही निवांत. पण स्वतः चहा करायला गेले की आधी पावडर का आधी पाणी यातच अडकायचे आणि हिशेबाची वही तासभर नुसती उघडी. आम्हाला वाटायचं आळस आलाय, आई तर चिडायची पण (आता वाईट वाटतं तिला).

स्ट्रोकनंतर बऱ्याचदा आठवणीपेक्षा लक्ष, विचारांचा वेग आणि कामाचा क्रम लावणं बिघडतं, त्यामुळे गप्पांमध्ये काही कळत नाही. आणि हे दुर्मिळ नाही बरं का, अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२३ च्या निवेदनात पहिल्या वर्षात ६० टक्क्यांपर्यंत पेशंटना आठवण, लक्ष, विचार यांचा काही ना काही त्रास होतो असं दिलंय. फॉलोअपला बीपी शुगर बघतात, मेंदूच्या कामाची तपासणी आपणच मागायची, मोका टेस्ट म्हणतात, दहापंधरा मिनिटांची असते, त्यात घड्याळ काढायला सांगतात. आप्पांनी बाराही आकडे एकाच बाजूला काढले होते.